केसपेपरवरचा शब्द आणि शेतकऱ्याचे दोन लाख

पाऊस लागला, आवणीची घाई सुरू झाली की मावळात साप चावण्याचे प्रकार वाढतात. बांधावरच्या गवतात, पेंढ्याच्या उडवीत, रचलेल्या सरपणात हात जातो आणि घात होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी जाती आपल्या भागात आहेत. याच दिवसांत वीज पडते, मोटारीचा शॉक बसतो, चिखलात पाय सटकून हाड मोडते. अशा वेळी कुटुंबाला आधार म्हणून शासनाची मदत आहे. परंतु ही मदत कागद बघून मिळते आणि त्यातला महत्त्वाचा कागद तयार होतो दवाखान्यात, तोही इंग्रजीत आणि बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. तो कसा तयार होतो, हे गावात चारजणांना तरी ठाऊक असायला हवे.

मदत कोणती?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून लागू आहे. त्याआधी हीच मदत विमा कंपनीमार्फत मिळत असे. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना तिचे संरक्षण आहे. अपघाती मृत्यू, किंवा दोन डोळे अथवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख. एक डोळा अथवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये. सर्पदंश, विंचूदंश, वीज, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, उंचावरून पडणे, फवारणीतली विषबाधा, जनावराचा हल्ला, रस्त्यावरचा अपघात हे सारे यात येते. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या येत नाही. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत द्यायचा असतो.

आता खरी मेख इथेच आहे. मृत्यू अपघाती की नैसर्गिक, हे ठरवायचे कशावरून?

रोगाचा गट नंबर

शिवारातल्या एकाच जमिनीला गावात तीन नावे असतात, पण सातबाऱ्यावर गट नंबर एकच. रोगांचेही तसेच आहे. मृत्यूच्या कारणांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी १८९३ साली फ्रान्सच्या जाक बर्टिलॉन या सांख्यिकी तज्ज्ञाने केली. १९४८ पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली तरी आपल्याकडच्या कागदांवर दहावीचेच नंबर अजून सर्रास दिसतात. यालाच 'मेडिकल कोडिंग' म्हणतात.

दुखापतीच्या बाबतीत या पद्धतीत दोन नंबर लागतात. एक 'शरीराला काय झाले' याचा, दुसरा 'कशाने झाले' याचा. सापाच्या विषाची बाधा म्हणजे टी ६३.० आणि विषारी साप चावला ही घटना एक्स २०. विंचवाचे विष टी ६३.२, घटना एक्स २२. विजेचा परिणाम टी ७५.०, वीज अंगावर पडणे एक्स ३३. मांडीचे हाड मोडले तर एस ७२, आणि ते झाडावरून पडून मोडले असेल तर डब्ल्यू १४.

हे नंबर पाठ करण्याची काही गरज नाही. तालुक्याची समितीसुद्धा नंबर बघत नाही, शब्द वाचते. पण नंबर शब्दांवरूनच पडतो आणि निर्णयही शब्दांवरूनच होतो. 'काय झाले' हे डॉक्टर तपासून लिहितात. 'कशाने झाले' हे मात्र नातेवाईक सांगतील तेच लिहिले जाते. तेव्हा अर्धा कागद आपल्याच तोंडून तयार होतो.

शब्द कुठे घात करतात?

पहिला शब्द, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. अर्थ एवढाच की हृदय आणि श्वास थांबला. तो तर मरणाऱ्या प्रत्येकाचा थांबतो. मृत्यूच्या कारणाच्या सरकारी नमुन्यावरच छापलेले असते की हृदय बंद पडणे यासारखी मरणाची अवस्था लिहू नये. तिच्यामागचा रोग किंवा दुखापत लिहावी. या नमुन्यात एकाखाली एक ओळी असतात. वर शेवटची स्थिती, खाली तिचे कारण, त्याखाली मूळ कारण. वरची ओळ भरून खालच्या कोऱ्या राहिल्या तर सापाने गेलेला माणूस कागदावर हृदयविकाराने गेलेला दिसतो. मग कुटुंबाला खेटे घालावे लागतात.

दुसरा शब्द, 'अननोन बाइट', म्हणजे अज्ञात दंश. साप कुणी पाहिलाच नसेल तर डॉक्टर तसेच लिहिणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण पाहिलेला असताना गडबडीत कुणी "काहीतरी चावलं" एवढेच सांगतो. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला आपला इंद्रायणी बाजारात नुसता 'तांदूळ' म्हणून गेला तर इंद्रायणीचा भाव मिळेल का? तसेच हे. नेमके माहीत असेल ते नेमके सांगावे.

मण्यारीचे प्रकरण आणखी अवघड. ती रात्री झोपेत चावते, दाताची खूण बहुतेकदा दिसतही नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून उठतो आणि केसपेपरवर पोटदुखी पडते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला असे झाले तर "खाली झोपला होता" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या वाक्याने कागद तर सुधारेलच, पण कदाचित जीवही वाचेल.

तिसरी जागा सर्वांत नाजूक. फवारणी करताना कीटकनाशक अंगात गेले तर घटनेचा नंबर एक्स ४८. तेच जाणूनबुजून घेतले तर एक्स ६८. मधल्या एका आकड्यात अपघात आणि आत्महत्या एवढे अंतर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. औषध प्यायल्याशिवायही माणूस दगावतो, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. आपल्याकडे पॉलिहाऊसमधल्या गुलाबावर बंद जागेत फवारणी होते, त्यामुळे हा धोका मावळालाही आहे. अशा रुग्णाबरोबर जाणाऱ्याने "औषध गेलं पोटात" असे मोघम न बोलता किती वेळ फवारणी चालली होती, कोणते औषध होते, त्रास केव्हा सुरू झाला हे सांगावे आणि बाटलीचे लेबल दाखवावे. खोटे मात्र सांगू नये. शवविच्छेदन आणि व्हिसेराच्या तपासणीत खरे-खोटे बाहेर येते, आणि चुकीच्या माहितीवर उपचारही चुकतात.

थोडी शरीराची ओळख

हाडांची चार नावे कानावर असू द्यावीत. फीमर म्हणजे मांडीचे, टिबिया म्हणजे नडगीचे, ह्युमरस म्हणजे दंडाचे, रेडियस व अल्ना म्हणजे कोपराखालच्या हाताची दोन हाडे. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की सूज, 'एक्टमी' आले की काढून टाकणे. 'ॲम्प्युटेशन' म्हणजे अवयव कापावा लागणे. डावा-उजवा मात्र जरूर तपासा. केसपेपरवर उजवा हात आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर डावा, असे झाले की प्रस्ताव परत येतो.

उपचाराच्या खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही याच कोडचे राज्य आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. प्रत्येक उपचाराला ठरलेला नंबर आणि ठरलेली रक्कम असते. रुग्णालय आधी ऑनलाइन मंजुरी मागते. निदान, तपासण्या आणि मागितलेला उपचार जुळले तर मंजुरी, नाहीतर प्रश्नांची यादी. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा, शिधापत्रिका आणि आधार दाखवा, आणि कोणत्या उपचाराची मंजुरी मागितली ते विचारून घ्या. मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितल्यास १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते.

गावाने काय करावे?

एक, रुग्णाला भगताकडे न नेता थेट दवाखान्यात न्यावे. साप मारण्यात किंवा पकडून आणण्यात वेळ घालवू नये. दोन, बरोबर जाणाऱ्याने काय, कुठे, केव्हा, कशाने या चार गोष्टी सांगाव्यात आणि डॉक्टरांनी काय लिहिले ते वाचून दाखवा अशी विनंती करावी. विचारायला लाजू नये. तीन, एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद झाली का हे पाहावे. चार, मृत्यू झालाच तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नये. दुःखाच्या वेळी हे जड जाते, परंतु पुढे तोच कागद घराच्या कामी येतो. सर्पदंशाने उपचाराआधीच मृत्यू झाला आणि शवविच्छेदन झाले नाही, तर सूट आहे. मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

पाचवी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते, कायद्यानेच ते लिहिता येत नाही. कारण असते ते रुग्णालयाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यावी लागते. ती मागून घ्या. चुकीचे लिहिलेले दिसले तर तिथेच, डॉक्टर समोर असतानाच दाखवा. महिन्याने दुरुस्ती होणे कठीण.

पोलीस पाटील, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि आम्ही कृषी खात्याची माणसे यांचेही यात काम आहे. घटना कळताच महसूल, पोलीस आणि कृषी यांच्या पथकाने भेट द्यायची असते. ती वेळेवर झाली, शेजाऱ्यांचे जबाब ताजे असतानाच घेतले गेले तर दवाखान्याच्या कागदातली उणीवही भरून निघते. वारस नोंदीला लागणारे दिवस तीस दिवसांच्या मुदतीतूनच जातात, हे तलाठ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले, ते योग्यच झाले. कारण ज्याची नोंद नाही त्याची लस पुरेशी येत नाही आणि मदतही येत नाही. कान्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणि तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात 'काय, कुठे, केव्हा, कशाने' एवढे चार शब्द मराठीत भिंतीवर लावले तरी पुष्कळ काम होईल. त्याला निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नसावी.