जहाजावरचं गटार कोण काढतं?

भविष्यात जात नसते म्हणे. डोंबिवलीतले पांढरपेशे हे छातीठोक सांगतात आणि पुरावा म्हणून 'स्टार ट्रेक' नाकासमोर धरतात. मी कोपरचा. लोकलला लोंबकळणारा. १९६६ ते १९६९ चाललेल्या त्या अमेरिकन मालिकेवरून रॉबर्ट वाइजनं १९७९ साली काढलेला पिक्चर मीही बघितला. डोकं फिरलं.

यात मुंबईची पोरगी आहे. पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया. रोलसाठी तिनं डोकं भादरून घेतलं. बदल्यात काय मिळालं? पृथ्वीवरची बाईसुद्धा होऊ दिलं नाही. ती परग्रहावरची इलिया. मग व्हीजर नावाचं अजस्र यंत्र तिला गिळतं, तिच्याच रूपाची बाहुली बनवतं आणि आपला निरोप सांगायला जहाजावर पाठवतं. पर्सिस काय आपल्या चाळीतली नव्हती, ठाऊक आहे. पण तिची ही गत, तर आपण कुठल्या झाडाचा पाला?

आणि तो खान! खान नूनियन सिंग. १९६७ च्या भागात त्याला बघून जहाजावरची बाई म्हणते, उत्तर भारतातला असावा, शीख असावा. वैज्ञानिकांनी पैदा केलेला, जन्मानंच श्रेष्ठ. जन्मानं श्रेष्ठ ही भानगड आपल्याला कुणी शिकवायला नको. मालिकेनं त्याला खलनायक केलं, बरं केलं. पण रोल दिला मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बानला. १९८२ च्या पिक्चरातही तोच. २०१३ साली तर खान झाला गोरापान बेनेडिक्ट कंबरबॅच!

जहाजावर चारशेवर माणसं. तुंबलेलं गटार कोण काढतं? कॅमेरा तिकडं फिरकत नाही. इकडं २०१३ साली कायदा झाला, तरी माणसं गटारात उतरून मरतायत. २०२३ साली सुप्रीम कोर्टाला मेलेल्याची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी लागली. ज्या भविष्यात हा माणूसच दिसत नाही, तिथं जात संपली हे कुणी तपासलं?

तरी पिक्चर फेकून देऊ नका, दोस्तांनो. त्यात उहुरा आहे. निशेल निकोल्स ही काळी नटी पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाली होती. मार्टिन ल्यूथर किंगनं तिला अडवलं, असं ती सांगायची. ती खुर्ची सोडू नकोस, म्हणाला. पुढं १९७७ साली तिनं नासासाठी काळ्या माणसांना आणि बायांना हाका घातल्या. १९९२ साली मे जेमिसन ही काळी बाई खरोखरच अंतराळात गेली. लहानपणी टीव्हीवर उहुरा बघितल्याचं तिनं सांगितलंय. नुसती एक खुर्ची, तीही नाटकातली!

तेव्हा विज्ञानकथा म्हणजे बड्या घरच्या पोरांचा टाइमपास, असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या शहाण्यांनी जरा गप्प बसावं. कुणीतरी वही काढा, जहाज लिहा. कॅप्टनचं आडनाव कांबळे ठेवा आणि गटार कोण काढतं ते पहिल्याच पानावर सांगा.