तान्ह्या पोळ्याचा बैल पुन्हा रंगवताना

सुट्टीत सौंसरला गेले तेव्हा माळ्यावरून लाकडी बैल खाली काढला. वीतभर उंची, चार चाकं, एक शिंग तुटलेलं. आईच्या लहानपणी आबांनी तो सुताराकडून करून घेतला होता. तोच बैल ओढत मीही गल्लीभर बोजारा मागत फिरले आहे. आता पाच वर्षांच्या भाच्यासाठी तो रंगवायचा होता. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर दोघातिघांचं एकच उत्तर आलं: "रंगवू नकोस, जुनेपणातच मजा आहे." माझं भांडण त्या उत्तराशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणी अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असं सांगतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हाही झाला, पण सणाला त्याचं काही देणंघेणं नाही. लाकडी बैल नागपूरला निघतात तसेच आमच्याकडेही निघतात.

आता रंगाचं. सँडपेपर मारायला घेतला तर निळ्याखाली लाल निघाला, लालखाली पिवळा आणि अगदी खाली चुन्यासारखा पांढरा. म्हणजे आईने रंगवला, मामाने रंगवला, त्याआधी बहुतेक आबांनी. मग 'जुना रंग जपायचा' म्हणजे यातला नेमका कोणता? या बैलाची परंपरा एखाद्या रंगात नव्हतीच. दर काही वर्षांनी कोणीतरी पोळ्याआधी ब्रश हातात घ्यायचं, हीच ती परंपरा.

ही अडचण फक्त आपली नाही. १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला आणि अमेरिका-इंग्लंडमधली मुलं टेबलावर शिशाचे राक्षस, बुटके, ड्रॅगन मांडून खेळू लागली. ती मुलं आता आजोबा व्हायच्या वयाची आहेत. पेटीतून ते बाहुले काढून रंगवणं हा त्यांच्यातल्या अनेकांचा छंद आहे. कोणी जुना रंग द्रावणात बुडवून साफ काढतो. कोणी म्हणतो, बाराव्या वर्षी फासलेला तो जाड रंग म्हणजे मीच आहे, हात लावू नका. मला दोन्ही बाजू कळतात. मी मधला रस्ता घेतला. सुटलेले पोपडे काढले, भेगांत लांबी भरली, शिंग फेविकॉलने जोडलं आणि वर नवा लाल ऑइल पेंट दिला. फक्त पोटाखाली दोन बोटं जागा तशीच ठेवली. तिथे सगळे थर दिसतात.

न खेळता जपलं की काय होतं, ते सावंतवाडीच्या गंजिफात दिसतं. हाताने रंगवलेले ते गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते. ही कला संपत आली होती. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने चितारी कारागिरांना हाताशी धरून ती वाचवली, हे मोठंच काम. पण आज तो संच विकत घेणाऱ्यांपैकी किती जण डाव मांडतात? चित्र वाचलं, खेळ मात्र बहुतेक गेला.

दुसरं टोक आमच्या पांढुर्ण्यात आहे. तान्ह्या पोळ्याच्या त्याच दिवशी जाम नदीवर गोटमार होते. नदीत झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवायचं आणि पांढुर्णा-सावरगावने एकमेकांवर दगड मारायचे. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाहीत. माझ्या मते ते बाहेरून आले म्हणून चालले नाहीत. बैलाचा रंग घरातल्याच कोणीतरी बदलला, म्हणून कोणाला खटकला नाही. गोटमारही बदलायची असेल तर दगड उचलणाऱ्यांच्या घरातूनच बदलावी लागेल. 'परंपरा आहे, हात लावू नका' हे वाक्य बैलाबद्दल गोड वाटतं. तेच वाक्य दगडाबद्दल म्हणून बघा.

कोणी विचारेल, कॅथलिक घरात पोळ्याचा बैल कसा? आमच्याकडे तो वर्षातून दोनदा बाहेर निघतो. नाताळच्या गोठ्यातला प्लास्टरचा बैल फुटला, तेव्हा आजीने बाळ येशूजवळ हाच उभा केला, चाकांसकट. खरं तर ल्यूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, बैल नाही. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चोला गोठा मांडला, तेव्हा खरा बैल आणि गाढव आणून उभं केलं होतं. म्हणजे आमचा गोठाही कोणीतरी भर घालत घालतच इथवर आला आहे.

रंग वाळल्यावर भाच्याने पहिला प्रश्न टाकला, "मावशी, याले लाइट नाही का?" स्पर्धेत मोठ्या, झगमगत्या बैलाला बक्षीस मिळतं, हे त्याला पाचव्या वर्षीच कळलंय. मी त्याच्या हातात ब्रश दिला. त्याने शेपटी हिरवी केली, अर्धा हिरवा पाठीवर सांडला. रात्री तो झोपल्यावर पुसून नीट करावं, असं फार वाटलं. केलं नाही.

बैल आता त्याचा आहे. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर शोकेसमध्ये ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान माणसाला एकदा विचारा.