होकार फोन येईपर्यंत टिकावा

स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. दोन मिनिटांचं काम. मला काळजी वाटते ती नंतरची. सख्ख्या भावंडाशीही एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता जेमतेम 25 टक्के, म्हणून रक्ताच्या कर्करोगाचे, थॅलेसेमियाचे कितीतरी रुग्ण परक्या दात्याकडे डोळे लावून असतात. दाता सापडला की रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली तर रुग्णाच्या जिवावर बेततं.

तेव्हा दोस्तांनो, आधी अम्मी-अब्बूंशी बोला. बहुतेकदा काही दिवस इंजेक्शनं घेऊन हाताच्या शिरेतूनच पेशी देता येतात. अंग दुखतं, पण पेशी पुन्हा तयार होतात. मज्जा काढायचीच झाली तर भूल देऊन, कमरेच्या हाडातून. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही, हे त्यांना आजच सांगा.