‘सर्व्हर डाऊन’ हे नशीब नाही, तो निर्णय आहे

शिष्यवृत्ती, प्रवेश, पीकविमा. शेवटची तारीख जवळ आली की सेतू केंद्रावर एकच वाक्य ऐकू येतं: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." आणि अवकाळी पाऊस पडल्यासारखं आपण ते मान्य करतो. मला हे अजिबात पटत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘मोठा सर्व्हर घेऊ’. म्हणजे दिवाळीत पाहुणे येणार म्हणून वर्षभर दहा खोल्यांचं भाडं भरायचं! क्लाउडवर गर्दीपुरती यंत्रं वाढवता येतात, नंतर कमी करता येतात. पण सगळी गर्दी एकाच डेटाबेसच्या दारात उभी राहिली, तर बाहेर कितीही यंत्रं लावा, उपयोग शून्य.

म्हणून आधी विचारायचं, माहिती कुठल्या प्रकारची आहे? दहावीचा निकाल एकदा लागला की लाखो मुलं तो फक्त वाचतात. त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आज निकाल डिजिलॉकरवरही मिळतो, तेवढीच गर्दी वाटली जाते. अर्ज भरताना मात्र माहिती लिहिली जाते. तिथे अर्ज आधी रांगेत सुरक्षित नोंदवा, पोचपावती द्या, छाननी सावकाश करा. सातबाऱ्यावरचा फेरफार याहून वेगळा. तिथे दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण जुनी किंवा चुकीची नोंद दिसता कामा नये.

आणि ‘क्लाउडवर टाकलंय’ म्हणजे काम संपलं असंही नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया केंद्रात एका डेटाबेस सेवेचा इंटरनेटवरचा पत्ताच सापडेनासा झाला आणि जगभरातली कितीतरी ॲप्स अडकली. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं की असं होतं.

आता हिशोब बघा. ‘९९ टक्के वेळ चालू’ ऐकायला भारी वाटतं, पण त्यात वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद राहायची मुभा आहे. ते दिवस नेमके शेवटच्या तारखेचे असले तरी कंत्राटदार कागदोपत्री पास! ९९.९ टक्के म्हटलं तर मुभा जेमतेम पावणेनऊ तासांची.

म्हणून निविदेतच लिहा: गर्दीच्या दिवशी एकाच वेळी किती लोक, किती सेकंदांत उत्तर, बंद पडलं तर दंड किती आणि मुदतवाढ आपोआप किती. हे आपण माहिती अधिकारात विचारू शकतो, विचारलंच पाहिजे.

मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘उद्या या’ सांगणं फुकट नसतं. तो खर्च फक्त सरकारच्या वहीत दिसत नाही, एवढंच.