इंजिनीअरिंगनंतरचं बिगरीचं पुस्तक

जपानमध्ये पुस्तकांच्या मोठ्या दुकानात कॉम्प्युटरच्या कपाटापाशी गेलात, की 'देकिरु' मालिका दिसतेच. देकिरु म्हणजे 'जमतं'. इम्प्रेस प्रकाशनाने ती १९९४ मध्ये सुरू केली. वेबसाइट बनवायचं 'होमपेज बिल्डर' हे मूळ आयबीएम जपानचं सॉफ्टवेअर. त्यावरही या मालिकेत पुस्तकं निघाली. पानावर स्क्रीनचं चित्र, त्यावर १, २, ३ असे आकडे, आणि बाजूला 'चुकलं तर?' असा छोटा चौकोन. मला तर तो चौकोनच लाखमोलाचा वाटतो. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत असं एक पुस्तक आमच्या हाती पडलं नाही. व्याख्या मात्र तोंडपाठ, त्याही इंग्रजीत. कुठलं बटण दाबायचं हे लिहिणं आपल्याकडे कमीपणाचं समजतात.

मराठीत एमएस-सीआयटीची पुस्तकं आहेत, नाही असं नाही. पण ती कोर्सपुरती. गावाकडे घरगुती मसाले विकणाऱ्या मावशीला साइट हवी असली की ती भाच्याला फोन लावते, आणि भाचा परदेशात! मग साइटवर दोन वर्षांपूर्वीचेच भाव. वर्डप्रेसचे मेनू मराठीत मिळतात, तर त्यावर शंभर पानांचं 'जमतं' आपण आयटीवाल्यांनी का लिहू नये? चित्रं मी काढतो. कच्चा मजकूर वाचून 'इथे अडलं रे' सांगणारी एक मावशी तेवढी हवी.