‘टार्गेटेड’ म्हणजे ‘साइड इफेक्ट नसलेली’ नव्हे!

“ही केमो नाही, टार्गेटेड गोळी आहे. फक्त कॅन्सरच्या पेशींवर काम करते, साइड इफेक्ट काहीच नाहीत.” हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. ते चुकीचं आहे, आणि कधीकधी जिवावर बेतणारं आहे.

आपल्या पेशींमध्ये कायनेज नावाची ५००हून जास्त एन्झाइम्स असतात. एटीपीमधला फॉस्फेट काढून तो प्रथिनाला जोडणं हे त्यांचं काम. फॉस्फेट जोडला की प्रथिन चालू किंवा बंद होतं. काही कॅन्सरमध्ये एखादं कायनेज सतत चालूच राहतं. गोळी त्याच्या एटीपीच्या खाचेत बसून ते बंद करते. पण ही खाच सगळ्याच कायनेजमध्ये बरीचशी सारखी असते. एका कुलपासाठी केलेली किल्ली शेजारच्या कुलपांनाही लागते.

कधी हे फायद्याचं ठरतं. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार असलेल्या सीएमएलसाठी आलेलं इमॅटिनिब ‘किट’ हे दुसरं कायनेजही अडवतं, म्हणून ते जठर-आतड्यांच्या ‘जिस्ट’ या गाठींवरही चालतं. पण डॅसॅटिनिबमुळे छातीत पाणी होऊ शकतं. निलोटिनिबमुळे ईसीजी बिघडू शकतो. पोनॅटिनिबला अमेरिकेत २०१२मध्ये मंजुरी मिळाली, पण रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्याने २०१३मध्ये विक्री थांबवावी लागली. पुढे ते कडक इशाऱ्यांसह परत आलं.

म्हणून या गोळ्या वाईट आहेत का? मुळीच नाही. इमॅटिनिबने सीएमएलच्या असंख्य रुग्णांना वर्षानुवर्षांचं आयुष्य दिलं आहे. माझा राग गोळीवर नाही, त्या वाक्यावर आहे. ‘साइड इफेक्ट नाहीत’ असं सांगितलेला रुग्ण दम लागला तरी खोकल्याचं औषध घेत बसतो. किंवा घाबरून गोळी परस्पर बंद करतो आणि आजार उलटतो. रुग्ण घाबरेल म्हणून खरं लपवणं ही दया नव्हे.

तेव्हा गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा: कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं? कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी? दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर, पायावर सूज हे अंगावर काढू नका. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. टीबीचं रिफॅम्पिसिन यातल्या अनेक गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण घटवतं, क्लॅरिथ्रोमायसिन वाढवतं.

आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.