निमज्जन कीं विसर्जन ?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोंच मुंबई-पुण्याच्या, आणि आतां नाशिक-कोल्हापुराच्याहि, सुशिक्षित घरांतून एक वार्षिक परिषद भरूं लागते. विषय एकच : घरांतलें अडीच-तीन वर्षांचें मूल कोणत्या शाळेंत घालावयाचें. अध्यक्षस्थान आईकडे असतें, खजिनदारी बापाकडे, आणि आजी-आजोबांस प्रेक्षकांच्या खुर्च्या मिळतात. पूर्वीं ह्या परिषदेंत ‘इंग्रजीशिवाय पोट भरणार नाहीं’ एवढ्या एका वाक्यावर काम भागत असे. तें वाक्य रोखठोक होतें आणि प्रामाणिकहि होतें. अलीकडे मात्र त्यावर शास्त्राचा साज चढला आहे. ‘लहान मूल म्हणजे टिपकागद, त्याला इंग्रजींत पूर्ण बुडवावें, म्हणजे तें आपोआप पोहूं लागतें, परदेशांत हें सिद्ध झालें आहे,’ असें आतां सांगण्यांत येतें, आणि ह्या बुडविण्याला ‘इमर्शन’ असें भारदस्त नांव आहे. आपण त्याला निमज्जन म्हणूं.

ह्या शास्त्राचें घरगुती रूप पाहावयास फार दूर जावें लागत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या वर्षीं मुलाला इंग्रजी शाळेंत प्रवेश मिळाला, आणि त्याच वेळीं आईबापांस सांगण्यांत आलें कीं, ‘मुलाची प्रगति हवी असेल तर घरींहि इंग्रजींतच बोला.’ त्या दिवसापासून त्या घरांत केळ्याचें ‘बनाना’ झालें, भाताचा ‘राईस’ झाला, आणि खिडकींत येणारा कावळा ‘क्रो’ झाला. क्रियापदें मात्र बहुतेक मराठीच राहिलीं. कारण तींहि बदलण्याइतकें इंग्रजी त्या आईबापांच्या जिभेवर नव्हतें. ‘बनाना संपव, मग हँड वॉश कर’ ही कोणती भाषा, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. आजीनें चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगावयास घेतली, तेव्हां तिला हळूच सुचविण्यांत आलें कीं, निदान शाळेचें पहिलें वर्ष पार पडेपर्यंत थोडें सांभाळून घ्या. तीस वर्षें मराठी शाळेंत मुलांना शिकविलेली ती बाई तेव्हांपासून स्वतःच्या नातवाशीं बेताबेतानें बोलते.

ज्या परदेशी प्रयोगाचा दाखला दिला जातो तो खरोखर झालेला आहे आणि मुळांतून वाचण्यासारखा आहे. म्हणूनच तो अर्धा सांगितला जातो ह्याचा आम्हांस राग येतो. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत माँट्रियल शहराजवळ सेंट लँबर्ट नांवाचें उपनगर आहे. प्रांतांत बहुसंख्या फ्रेंच बोलणारांची. पण ह्या उपनगरांत इंग्रजी बोलणारीं मध्यमवर्गीय कुटुंबें पुष्कळ. शाळेंत वर्षानुवर्षें फ्रेंच हा विषय घेऊनहि आपल्याला शेजाऱ्याशीं चार वाक्यें धड बोलतां येत नाहींत, ही खंत त्यांतल्या कांहीं आईबापांना होती. त्यांनीं शाळामंडळाच्या मागें लागून १९६५ च्या सप्टेंबरांत सव्वीस मुलांचा एक बालवर्ग उघडविला. त्या वर्गांत बाई फक्त फ्रेंच बोलत. मॅकगिल विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट (गांवाचें आणि पंडिताचें नांव एक, हा निव्वळ योगायोग) आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनीं त्या मुलांची प्रगति दर वर्षीं तपासली आणि १९७२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांना फ्रेंच उत्तम समजूं लागलें, बऱ्यापैकीं बोलतां येऊं लागलें. आणि त्यांचें इंग्रजी किंवा गणित मागें पडलें नाहीं. येथवरची कथा आमचे निमज्जनवादी मित्र मोठ्या उत्साहानें सांगतात. तिचा उत्तरार्ध मात्र त्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

उत्तरार्ध असा. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी, म्हणजे त्या खंडांतली सर्वांत बलाढ्य भाषा. घरीं, रस्त्यांत, दुकानांत, दूरचित्रवाणीवर, बापाच्या कचेरींत तीच. ती बुडण्याची भीति कोणाला स्वप्नांतहि नव्हती. वर्गांतल्या साऱ्या मुलांना फ्रेंच सारखेंच अपरिचित होतें. त्यामुळें एकाला येतें आणि दुसऱ्याला येत नाहीं, अशी लाज कोणाच्याहि वांट्याला आली नाहीं. आरंभीं मूल इंग्रजींत बोललें तर त्याला बोलूं देत; बाईंना इंग्रजी समजत असे, त्या उत्तर तेवढें फ्रेंचमध्यें देत. ‘घरींहि फ्रेंच बोला’ असा हुकूम कोणीं सोडला नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दुसऱ्या इयत्तेपासून त्याच शाळेंत इंग्रजीचे तास सुरू झाले, ते वाढत गेले, आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत दिवसाचा मोठा भाग पुन्हां इंग्रजींत चालूं लागला. मूल इंग्रजच राहावें आणि त्याच्या शिदोरींत फ्रेंचची भर पडावी, एवढाच त्या योजनेचा हेतु होता. पुढें लँबर्ट यांनीं स्वतःच द्विभाषिकतेचे दोन प्रकार सांगितले : एक बेरजेचा आणि एक वजाबाकीचा. बलवान् भाषेचें मूल दुसरी भाषा शिकतें तेव्हां बेरीज होते. दुबळ्या प्रतिष्ठेच्या भाषेचें मूल बलवान् भाषेच्या शाळेंत लोटलें जातें तेव्हां नवी भाषा येत असतांना जुनी झिजत जाते. म्हणजे ज्या पंडिताच्या साक्षीवर आमची परिषद ठराव पास करते, त्याच पंडितानें त्या ठरावाविरुद्ध इशारा देऊन ठेवला आहे.

आतां आपल्याकडील नर्सरींत चला. येथें सगळींच मुलें सारखीं अज्ञान नसतात. ज्यांच्या घरीं दोन पिढ्या इंग्रजी आहे तीं पहिल्याच दिवशीं हात वर करतात, आणि उरलेलीं त्या दिवशींच आपली पायरी ओळखतात. बाईंना मराठी येतें, पण येतें हें दाखविण्याची त्यांना पुष्कळ ठिकाणीं मनाई असते. त्या बिचाऱ्या स्वतः इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या. त्या भाषेंत मुलाला चिडविणें, समजावणें, त्याच्याशीं थट्टा करणें, गोष्ट रंगवून सांगणें, हें त्यांना जमत नाहीं, आणि त्यांचा तो दोषहि नाहीं. मग मुलाच्या कानावर पडतें काय ? ‘सिट डाउन’, ‘स्टँड इन लाइन’, ‘कीप क्वाएट’. बुडवायचें म्हणून सांगतात, पण हौदांत पाणी घोट्याएवढें. वर्ग गलबलूं लागला कीं बाई म्हणतात, ‘फिंगर ऑन युअर लिप्स’, आणि तीस चिमुकलीं बोटें तीस ओठांवर जातात. इंग्रजींतलें जें पहिलें पुरें वाक्य ह्या मुलांना नीट समजतें, तें गप्प बसण्याचें असतें. ज्या वयांत मूल दिवसाला शंभर ‘कां’ विचारतें, त्या वयांत त्याची विचारण्याची भाषा दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावयास लावणें, ह्याला निमज्जन म्हणावयाचें ? अनंत चतुर्दशीला आपण करतों तें निराळें. तेथें निदान ‘पुढच्या वर्षीं लवकर या’ असें आर्जव तरी असतें.

कोणी म्हणेल कीं, हे इंग्रजीचे वैरी दिसतात. तसें मुळींच नाहीं. आमच्या कपाटांत अर्धीं पुस्तकें इंग्रजी आहेत आणि तीं नसतीं तर आम्हांस हा लेखहि लिहितां आला नसता. वाद इंग्रजीचा नाहींच. तें केव्हां आणि कशावर चढवावयाचें ह्याचा आहे. हा वाद जुनाहि आहे. १८४० नंतरच्या दशकांत मुंबईच्या शिक्षणमंडळांत सर अर्स्किन पेरी यांनीं इंग्रजीची बाजू लावून धरली, आणि नाना शंकरशेट यांनीं देशी भाषांची. नाना कांहीं इंग्रजीला विटलेले नव्हते; मुंबईंत नवें शिक्षण आणणारांत ते अग्रेसर होते. वाघिणीच्या दुधाचा जो दृष्टांत चिपळूणकरांच्या नांवावर सांगतात, तो आमचे मित्र नेहमीं आमच्या अंगावर फेंकतात. पण १८८० सालीं चिपळूणकर-टिळकांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें तें माध्यमिक शिक्षणासाठीं. तेथें येणारा मुलगा मराठी इयत्ता करून येत असे. रानडे कोल्हापुरास मराठी शाळेंत शिकून मग इंग्रजी शाळेंत गेले. गोखल्यांचा श्रीगणेशाहि मराठींतच झाला, आणि त्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाला साम्राज्याच्या राजधानींतहि मान मिळाला. वाघिणीचें दूध त्यांनीं प्यालें खरें. पण आईचें सुटल्यावर. आम्ही आज तान्ह्याला पाजूं पाहतों, आणि तेंहि पाणी घातलेलें.

‘तें सगळें ठीक, पण मराठी शाळा राहिल्या आहेत कोठें?’ हा परिषदेंतला शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. त्यांत तथ्य आहे, हें आम्ही कबूल करतों. गळक्या छपराच्या आणि दोन वर्ग एका शिक्षकाच्या गळ्यांत अडकविलेल्या शाळा आम्हींहि पाहिल्या आहेत. पण ती शाळा अशी कां झाली ? ज्या घरांतून शाळेच्या समितीवर बसणारे, मुख्याध्यापकाला जाब विचारणारे, वर्तमानपत्रांत पत्र लिहिणारे लोक निघत असत, तीं घरें तेथून निघून गेलीं. मागें राहिले ते ज्यांना ऐकवतां येत नाहीं असे. घर सोडतांना आपणच कौलें उतरवून न्यावयाचीं, आणि मग घर गळतें म्हणून आंत राहणाराला नांवें ठेवावयाचीं, असा हा प्रकार आहे. शिवाय मराठी शाळेंत इंग्रजी मिळत नाहीं ही समजूत पंचवीस वर्षें शिळी झाली. २००० सालापासून महाराष्ट्रांत मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी शिकवितात, आणि पुढें गणित-विज्ञान इंग्रजींत शिकविणारी ‘सेमी’ची सोयहि कित्येक शाळांत आहे. ती अपुरी असेल, तर ती पुरी करून घेण्यासाठीं भांडणें हें सुशिक्षितांचें काम होतें. आणि त्यांनीं तें काम न करतां फी भरली.

सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं कर्नाटकाच्या प्रकरणांत सांगून टाकलें आहे कीं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतच द्या अशी सक्ति सरकारला शाळांवर करतां येत नाहीं. माध्यम निवडण्याचा हक्क आईबापांचा. आम्हांस त्याबद्दल दुःख नाहीं. सक्तीवर टिकणारें मराठी आम्हांला तरी नको. पण मग ह्या विसर्जनाचें खापर दिल्लीवर किंवा मंत्रालयावर फोडतां येत नाहीं. २०२५ च्या एप्रिलांत सरकारनें पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय काढला, जूनमध्यें त्याची शब्दयोजना बदलली, आणि २९ जून रोजीं तो मागें घेतला. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचा बोजा टाकूं नये, असें तेव्हां सगळा महाराष्ट्र एका कंठानें म्हणाला, आम्हींहि म्हटलें. त्या सभांतून घरीं परतलेल्यांपैकीं किती जणांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपलें साडेतीन वर्षांचें मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडींत बसविलें, ह्याची मोजदाद करावयास आयोग नको. गाड्या आपल्याच दाराशीं थांबतात.

येथें आपल्याच बाजूची एक गोष्ट लपविली तर आमचें म्हणणें ढोंग ठरेल. आम्ही इंग्रजी नर्सरीला जो दोष देतों, तोच आमची पुस्तकी मराठी शाळा डहाणू-तलासरीच्या वारली मुलाला, मेळघाटच्या कोरकू मुलाला, गडचिरोलीच्या माडिया मुलाला पिढ्यान् पिढ्या लावीत आली आहे. त्यांच्याहि घरची भाषा दाराबाहेरच ठेविली जाते, आणि मग मूल ‘मठ्ठ’ म्हणून शेरा मारला जातो. ताराबाई मोडक दादरचा शिशुविहार चालवून १९४५ सालीं बोर्डीस गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथें मिळाल्या, आणि मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसल्यावर त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. मूल जेथें आहे तेथून आरंभ करावा, हा त्यांचा मार्ग दादरच्या मुलासाठीं आणि पाड्यावरच्या मुलासाठीं एकच होता. मातृभाषेचा नियम आपल्यापुरता मागणें आणि वारल्यांच्या बाबतींत विसरणें, हें आम्हांस मान्य नाहीं.

आणि जगाकडेच पाहावयाचें तर न्यूझीलंडकडेहि पाहा. माओरी लोकांची भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडींच उरली असें दिसल्यावर १९८२ सालीं त्यांनीं ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचें घरटें, ह्या नांवाच्या बालशाळा काढल्या. तेथेंहि निमज्जनच. पण तेथें आज्या-आजोबांना आवर्जून बोलावून आणतात, कारण भाषा त्यांच्यापाशीं आहे. जें शिक्षण आमच्या परिचयाच्या त्या आजीला गप्प बसवितें, त्याच नांवाचें शिक्षण तेथें आजीवांचून चालत नाहीं. अमेरिकेंत गेलेले आमचे बांधव बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून सुटीच्या दिवशीं मुलांना ‘क कमळाचा’ गिरवायला बसवितात, आणि इकडे डोंबिवलींत त्याच कमळाचें ‘लोटस’ करण्यासाठीं आपण शिकवणी लावतों.

हें मासिक ज्या घरांत येतें, त्या घरांतल्या किती नातवंडांना तें वाचतां येतें, हें आम्हीं ओळखीच्यांपैकीं कांहींजणांना विचारून पाहिलें. उत्तर देण्याऐवजीं बहुतेकांनीं ‘त्याला समजतें सगळें, फक्त वाचत नाहीं’ असें सांगितलें. बोलतां येतें, वाचतां येत नाहीं. पुढच्या पिढींत समजतें, बोलतां येत नाहीं. ही वजाबाकी कशी चालते, हें गणित न येणाऱ्यालाहि कळण्यासारखें आहे.

ह्या वर्षींची परिषद आतां भरेलच. तिच्यापुढें आमची एकच सूचना आहे. शाळेच्या भेटीस जाल तेव्हां इमारत, बस आणि फी ह्यांची चौकशी होईलच. त्याआधीं बाईंना एवढें विचारा कीं, मूल रडूं लागलें आणि रडण्याचें कारण मराठींत सांगूं लागलें, तर तुम्ही काय कराल? उत्तर त्यांनीं इंग्रजींत दिलें तरी चालेल. पण तें ऐकल्यावांचून फॉर्मावर सही करूं नका, आणि घरीं परत आल्यावर तें आजीलाहि सांगा.